उरलेला अर्धा जबडा

२ सप्टेंबर, सोमवार

ये रे माझ्या मागल्या! पुन्हा भरलं.

मार्चमध्ये मी स्वतः खरवडून काढलं होतं. खालच्या जबड्याची उजवी बाजू. आतून सगळं साफ केलं, हाड धुतलं, टाके घातले, पोरीच्या आईला सांगितलं की आता बहुतेक सुटलो. बहुतेक! थोडे दिवस बरे गेले आणि गाल पुन्हा वर. मग गाठीतच इंजेक्शनं. दर आठवड्याला तेच — आईने पाय धरायचे, नर्सने डोकं, आणि मी घामाघूम. आजचा एक्स-रे पाहिला. पोकळी आधीपेक्षा मोठी आहे. म्हणजे एवढी रडारड करून आम्ही कमावलं काय, तर शून्य.

पोरगी चार वर्षांची. वॉर्डात सगळे तिला फौजदार म्हणतात. तोंड तपासायचा छोटा आरसा एकदा तिच्या हाती काय दिला, आल्यागेल्याला ‘आ करा’ म्हणून दरडावते. वॉर्डातल्या मावशींचे दात रोज तपासून होतात. स्वतःचं तोंड मात्र उघडेल तर शपथ!

आईने आजही जाताना तेच विचारलं. ‘कॅन्सर नाही ना?’ नाही हो. शंभरदा सांगितलं, नाही. ‘मग ठीक आहे.’ काय ठीक आहे? ही गाठ कॅन्सर नाही, पण हाड पोखरते ते पोखरतेच. दुधाच्या दातांखाली पक्क्या दातांच्या कळ्या असतात, त्या भलतीकडे ढकलल्या गेल्यात. हे सगळं मी सांगते आणि लोकांना फक्त ‘साधी गाठ’ एवढंच ऐकू येतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

विभागाची बैठक. मोठ्या सरांनी — त्यांच्याच हाताखाली मी जबड्याची शस्त्रक्रिया शिकले — चित्रं दोन मिनिटं पाहिली आणि खुर्ची मागे सारली. ‘अगं, दात कोरून पोट भरत नाही. किती दिवस खरवडत बसणार? कापून मोकळी हो.’

कापून म्हणजे सुळ्यापासून कानाखालच्या कोपऱ्यापर्यंत सगळा जबडा काढायचा. त्याबरोबर त्या कळ्याही. तिथे धातूची पट्टी. पोर वाढणार, पट्टी वाढणार नाही. म्हणून दर काही वर्षांनी पुन्हा टेबलावर, मग कधीतरी पायाचं हाड काढून तिथे लावायचं, मग नकली दात. मोठी होईपर्यंत तिची आमच्यातून सुटका नाही.

मी भांडले. पण भांडायला हातात काय होतं? खरवडून झालं, इंजेक्शनं झाली. रक्तातलं कॅल्शियमही नीट आहे, म्हणजे औषधाने जाईल असं दुसरं कारणही नाही. एक्स-रेवाल्या डॉक्टरांनी मध्येच विचारलं, ‘तो दुसरा प्रकार नाही ना? घराण्यात चालणारा?’ प्रश्न रास्त होता. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण तो दुसरा प्रकार दोन्ही बाजूंना येतो, आईबापांपैकी कुणाला तरी असतो, आणि पोर वयात आलं की आपोआप उतरतो. त्याला सुरी लावायचीच नसते. असं नशीब कुठलं! हिची एकच बाजू आहे. आईला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दोन्हीकडच्या घरांत कुणाला जबड्याची गाठ झालेली नाही.

‘मग झालं तर,’ मोठे सर म्हणाले. झालं.

९ सप्टेंबर, सोमवार

आईवडिलांना सांगितलं. वडील पहिल्यांदाच आले. लिफ्ट दुरुस्त करतात, कुठे कोण अडकलं की यांना धावावं लागतं, त्यामुळे एरवी आईच येते. बारीक अंगाचा माणूस आणि दाढी मात्र छातीपर्यंत! फौजदार त्यांच्या मांडीवर बसून त्या दाढीत तोंड खुपसून होती. आमची कुणाची तोंडं बघायची नव्हती तिला.

आई रडली. वडिलांनी विचारलं, पट्टी किती जाडीची, स्क्रू किती, सैल झाले तर आवळता येतात का. मला बरं वाटलं. ज्याला जे येतं त्यातूनच तो प्रश्न विचारतो. मग अगदी शेवटी म्हणाले, ‘तिला शाळेत चिडवतील का हो?’

याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे?

तारीख मिळाली. २४.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मन लागत नाही. पट्टी मागवली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ढकललं!

सकाळी आठला पोर उपाशीपोटी तयार, मी तयार, सगळं तयार. आणि माशी शिंकली. जिभेच्या कॅन्सरचा एक रुग्ण रात्री रक्तस्राव घेऊन आला, त्याला आत घेतलं. बरोबरच आहे. मीही तेच केलं असतं. पण दुपारनंतर तरी? तर नाही. दुपारनंतरची जागा आणखी एका कॅन्सरला. यादी ठेवणाऱ्या बाईंकडे गेले. त्या नखाने यादीच्या कागदाची कड टोकरत म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुमची साधी गाठ आहे ना? ती काय पळून जातेय?’

पळून जात नाही हो बाई, वाढतेय! हे मी इतक्या मोठ्याने बोलले की बाहेरच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

फौजदारला बिस्कीट दिलं. ‘आज नाही कापणार?’ म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने खुशीत आरसा काढून मलाच आ करायला लावलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

नवरा म्हणाला, ‘दिवसभर लोकांचे दात बघतेस आणि घरी येऊन माझ्यावर दात-ओठ खातेस.’ हसू आलं. पण राग गेला नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

तपासणी. गाल आणखी वर आलाय. आई आता तिच्या गळ्याभोवती रुमाल गुंडाळून आणते, हनुवटीपर्यंत. शाळेत एकाने विचारलं म्हणे, गालात काय लपवलंयस, आम्हाला पण दे.

आज आत्याही बरोबर होती, वडिलांची थोरली बहीण. गप्प बसणं हा प्रकार त्या बाईंना माहीत नाही. ‘उगाच बाऊ करताय सगळे. बापावर गेलीये पोर. आमच्याकडे लहानपणी सगळे असेच गुबगुबीत.’ माझं डोकंच सणकलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, पोकळीवर बोट ठेवलं, म्हटलं, हे गुबगुबीत दिसतंय का तुम्हाला? हाड आहे हे. हाड उरलेलं नाही, हे आहे! बाईंचं तोंड एवढंसं झालं. आईने त्यांना हात धरून बाहेर नेलं.

मी इतकं फाडकन बोलायला नको होतं. पण नातेवाइकांची ही समजूत काढायची पद्धत मला अजिबात सहन होत नाही. पोराला काही झालं की घराण्यावर ढकलायचं आणि चहा प्यायला मोकळं व्हायचं.

नवी तारीख ८.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा ढकललं. या वेळी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात खाट नाही.

मोठ्या सरांच्या खोलीत गेले. बसलेही नाही. म्हटलं, सर, हिला कॅन्सर असता तर खाट सापडली असती. ते चष्मा पुसत बसले. ‘सापडली असती,’ म्हणाले. ‘मग?’ मग काय! एवढं सरळ कबूल केल्यावर भांडायचं तरी कुणाशी? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी दार आपटून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून यादीवाल्या बाईंच्या नावाने बोटं मोडली. त्यांची चूक नव्हती. पण त्यांच्याच नावाने मोडली.

सगळ्यांत राग कशाचा येतो सांगू? कॅन्सर असला की लोक धावतात. मोर्चे, देणग्या, स्वतंत्र इमारत. आणि या पोरांचं — वर्षाला एखाददुसरं येतं, कुणाचंच नसल्यासारखं. मरत नाही ना, मग थांबा म्हणे. थांबता थांबता तिच्या जबड्याची खालची कड पापुद्र्याएवढी झालीये. उद्या खेळताना पडली तर मोडेल. मग कुणाला विचारू?

९ ऑक्टोबर, बुधवार

यादीवाल्या बाईंसमोरून गेले. दोघींनीही मान दुसरीकडे वळवली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

तारीख २१. या वेळी खाट आधीच अडवून ठेवलीये, लहान मुलांचे भूलतज्ज्ञही ठरलेत. मोठे सर स्वतः बोलले सगळ्यांशी. मला काही म्हणाले नाहीत. जाता जाता फक्त, ‘आता शांत झोप.’

स्कॅनवरून बनवलेला प्लास्टिकचा जबडा आला. पट्टी आधीच त्याच्यावर वाकवून घेतली की टेबलावर वेळ वाचतो. संध्याकाळी तेच करत बसले होते, तेवढ्यात तपासणीला आलेली फौजदार आत घुसली. मागून आईवडील.

‘हा माझा?’

हो म्हटलं. हातात दिला. तिने उलटसुलट करून पाहिला. जबडा मधोमध संपतो, हनुवटीशी. ‘दुसरा अर्धा कुठाय?’

म्हटलं, तो बरा आहे ना, म्हणून तो बनवला नाही. खरंच आहे ते. स्कॅन मीच फक्त उजव्या बाजूचा मागितला होता. एवढ्याशा पोराच्या डोक्यातून जितके किरण कमी जातील तितकं बरं, आमच्यात याला फार जपतात. आणि पूर्ण जबड्याचा जो साधा एक्स-रे असतो, त्यात फौजदारबाई दर वेळी हलतात, डावीकडे नुसतं धुकं. पूर्ण स्कॅन पुन्हा करायचा तर पुन्हा भूल, पुन्हा किरण. कशाला? गाठ उजवीकडे आहे.

तिने पोकळीतल्या दातांच्या कळ्यांवर बोट फिरवलं. ‘हे पण कापणार?’

‘हो.’

‘मग मी वेगळी दिसणार?’

आई खिडकीकडे वळली. मी म्हटलं, थोडीशी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. ‘मी एकटीच?’ म्हणाली.

वडिलांनी तिला उचललं आणि ती पुन्हा दाढीत गेली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आता कुणी आडवं आलं तर त्याचाच जबडा काढीन!

२० ऑक्टोबर, रविवार

उद्या.

खरं सांगायचं तर मला हे करायचं नाही. इतके दिवस तारखेसाठी भांडले, घसा बसला, माणसं तोडली, आणि तारीख आली तर आता तीच नकोशी झालीये. हे ऑपरेशन मला येतं. हात थरथरणार नाहीत. पण त्या कळ्या ट्रेमध्ये पडतील तेव्हा मी काय करणार आहे? मोठ्यांचे जबडे काढताना असं होत नाही. त्यांचे दात वापरून झालेले असतात. हिचे अजून यायचेत.

नवऱ्याला म्हटलं, मी अपयशी ठरले. तो म्हणाला, गाठीपुढे हरलीस, एवढंच. दोन्हींत काय फरक आहे मला कळला नाही. तरी तो उगाच बोलला नाही हे कळलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत गेले. फौजदार कॉटवर, हिरव्या टोपीत. तिच्याजवळ एक अनोळखी गृहस्थ बसलेला. मी म्हटलं, आपण कोण? फक्त आईवडिलांनाच आत परवानगी आहे.

आई रडत होती आणि हसतही होती. ‘डॉक्टर, अहो, हेच ते! मलाही ओळखू येईनात. लग्नातसुद्धा दाढीच होती हो!’

वडील ओशाळले. ‘ती म्हणाली ना, मी एकटीच वेगळी दिसणार का म्हणून. म्हटलं, दोघं दिसू.’

काहीतरी बरं बोलायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. एवढा किडकिडीत माणूस, गळा काठीसारखा, आणि त्याच्यावर हे एवढं रुंद तोंड. गाल खालून भरलेले. दोन्ही.

फौजदार उठून त्यांच्या मांडीवर उभी राहिली. तिने दोन्ही अंगठे त्यांच्या जबड्याखाली लावले — हुबेहूब मी लावते तसे, जीभ किंचित बाहेर काढून. दाबलं. ‘इथे आहे,’ म्हणाली. मग दुसरीकडे दाबलं. ‘इथे पण आहे. बाबाला दोन आहेत.’

सगळे हसले. मी नाही हसले.

मी पुढे होऊन त्यांच्या तोंडाला हात लावला. विचारलंही नाही. हाड होतं. दोन्हीकडे जाड, उंचसखल, दगडासारखं.

‘हे कधीपासून?’

‘लहानपणापासूनच. शाळेत मला भोपळा म्हणायचे. मोठा झालो तसे पुष्कळ उतरले, पण चिडवणं डोक्यात बसलं होतं. दाढी आली तशी ठेवून दिली.’

‘अहो, मग मला सांगितलं का नाही?’

त्यांना प्रश्नच कळेना. ‘हिने विचारलं होतं मला, घरात कुणाला गाठ होती का म्हणून. मला कुठे गाठ होती? गाल होते नुसते.’

मी पोरीकडे वळले. आजवर कितीदा तिच्या जबड्याला दोन्ही अंगठे लावले असतील! पण लक्ष कायम गाठीवरच्या अंगठ्यात. आज उजवी बाजू सोडून दिली आणि फक्त डावी चाचपली. हळूहळू, मागून पुढे. मागच्या कोपऱ्यात जाड लागलं. अगदी थोडं. पण लागलं.

भूलतज्ज्ञ दारात आले. ‘घेऊ या आत?’

मी म्हटलं, थांबा.

बाहेर येऊन मोठ्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘बापाचा एक्स-रे काढ आधी.’ काखेत कळसा म्हणतात, आमचा दाढीत होता!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आधी बाबा मशीनसमोर उभे राहिले, म्हणून तीही न हलता उभी राहिली. वडिलांच्या जबड्यात दोन्हीकडे जुन्या, भरून आलेल्या पोकळ्यांच्या खुणा. तिच्या डाव्या बाजूला दोन लहान, नव्या. तो दुसराच प्रकार. रक्ताची तपासणी पाठवलीये, पण आम्हा कुणालाच आता शंका नाही. सुरी लावायची नाही. जपायचं, बघत राहायचं, आणि ती वयात येईपर्यंत थांबायचं. कळ्या जिथल्या तिथे.

दुपारी यादीवाल्या बाईंचा फोन. ‘डॉक्टर, काल तुमचं राहिलं ना, पुढच्या सोमवारची पहिली जागा दिलीये. आता तरी ओरडू नका.’ म्हटलं, नको, तिचं नाव काढून टाका. आणि बाई, ते दोनदा ढकललंत ना तुम्ही — पुढे मला बोलताच येईना. त्या तिकडून घाबरून विचारत राहिल्या, ‘रागावलात का? डॉक्टर? रागावलात का?’